गावाकडचे ओळखीचे

उधना, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भागीरथीअक्का,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर मी तीनदा "कादंबरी" म्हणाले आणि तीनही वेळा तू विचारलंस, "कोथिंबीर? कशी दिली?" शेवटी मी "वीस रुपये जुडी" म्हणून फोन ठेवला. तेव्हा पत्रच बरं. भुसावळच्या शाळेत नन आम्हाला पत्र लिहायला शिकवायच्या, तारीख उजवीकडे, समास दोन बोटं, शाईचा डाग पडला तर पुन्हा पहिल्यापासून. रघुनाथमामाने मला तिथे घातलं नसतं, तर तुला लिहायला एवढी मजा आली नसती.

तर कोथिंबीर नाही, कादंबरी. मी लिहिली आहे. चौसष्टाव्या वर्षी, आणि तीही भयानक. शाळेच्या लायब्ररीत मागच्या कपाटात काही इंग्रजी पुस्तकं होती, मठ, तळघरं, मेणबत्ती घेऊन चालणारी सावली. सिस्टरने ती मोठ्या मुलींसाठी ठेवली होती आणि मी ती पाचवीत वाचली. पन्नास वर्षं आत मुरलेलं ते आता बाहेर आलं. पुण्याचे एक प्रकाशक दिवाळीला छापणार आहेत. तिथली संपादक रुपाली नावाची मुलगी आहे, हुशार आणि चौकस. तिने सांगितलं आहे की आधी वाचकांना नायकाची ओळख करून द्या. एक पानभर. ते पान आधीच हजारभर लोकांना पाठवायचं आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाही छापायचं. एप्रिलअखेरपर्यंत हवं आहे.

मी लिहिलेलं खाली उतरवते, वाच.

"तापीच्या तळाखाली एक शहर आहे. तिथे ऊन पोहोचत नाही, फक्त रंग पोहोचतात. त्या शहरात मरणाला हजेरीवाली म्हणतात. रोज दिवेलागणीला ती वही घेऊन गल्लीगल्लीतून फिरते आणि नावं पुकारते. ज्याचं नाव येईल त्याने उठून तिच्यामागे चालू लागायचं. उखा रंगाऱ्याचं नाव मात्र तिने कधीच पुकारलेलं नाही. म्हणून तो तिच्या मागोमाग जाऊ शकतो आणि नेलेली माणसं परत आणू शकतो. ज्याला आणेल त्याचा रंग उखाच्या हाताला लागतो आणि मग सुटत नाही. उखा म्हणजे पहाट. काळोखाच्या शहरात जन्मलेली पहाट."

रुपालीने एकच प्रश्न विचारला. ती त्याला का सोडते? अक्का, तीनशे पानं लिहून झाली आणि मला याचं उत्तर माहीत नाही! नाव मी आपल्या उखाचं घेतलं आहे, म्हणजे नुसतं नाव. आपल्याकडे हे नाव का ठेवायचे? तो झाला तेव्हा मी चार वर्षांची होते आणि नंतर मामाकडेच राहिले. तुला नक्की आठवत असेल.

तुझी,
सुवर्णा


दोंडाईचा
१४ फेब्रुवारी २०२५

मडम,

पत्र पोचलं. पहाट! मी इतकी हसले की ज्योती स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं सासूला काही झालं. तिलाही वाचून दाखवलं. पहाट कुठून आणलीस?

अगं, उखा म्हणजे उकिरडा.

नीट सांगते. तुझ्याआधीचा एक आणि तुझ्यामागचा एक, असे काकूचे, तुझ्या आईचे, दोन मुलगे गेले. दोघांची नावं चांगली होती, एक हिरालाल, एक राजाराम. मग हा झाला. पाचव्या दिवशी सकाळी काकूने त्याला फाटक्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं, सुपात घातलं, मागल्या दाराने नेलं आणि उकिरड्यावर ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या बाया उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ती मोठ्याने म्हणाली, "हाऊ मना नही." हा माझा नाही. आणि घरात निघून गेली. मागे वळून बघायचं नसतं. ती दारात अडखळली पण वळली नाही.

मग परक्या कोणीतरी त्याला उचलायचं. मी उचललं. दहा वर्षांची होते मी. माझी माय म्हणाली, मोठ्या बाईने उचललं तर मरणाला संशय येतो, पोरीने उचललं तर वाटतं, खेळायला काहीतरी नेते आहे. सूप डोक्यावर घेतलं आणि शेजारीच आमच्या घरी आले. वाटेत त्याने माझ्या केसात मूत केलं. उकिरड्यावर सापडला म्हणून उखर्डू, उखर्डूचा उखा.

मरण दारात येतं तेव्हा आधी नाव ऐकतं. हिरा, राजा असं कानावर पडलं की आत येतं. कचरा म्हटलं की नाक मुरडून पुढच्या घरी जातं. तुझं नाव सुवर्णा ठेवलं, कारण पोरींना मरण फारसं विचारत नाही असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं.

मिळालं का तुझ्या रुपालीला उत्तर?

आणि नुसतं नाव घेतलं म्हणतेस, मग हाताचा रंग कुठून आला? पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये तीस वर्षं कोणाचे हात निळे होते? उखाला विचारलंस का, तुझं नाव घेते म्हणून?

भागीरथी


उधना, सुरत
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. उकिरडा! मी आयुष्यभर पहाट सांगत आले. शाळेत सिस्टरने विचारलं होतं, तुझ्या भावाच्या नावाचा अर्थ काय? मला माहीत नव्हता. तिने कुठलासा जाड कोश काढला, त्यात उषा सापडली, आणि म्हणाली, डॉन, चाइल्ड, हाऊ लव्हली. इथे लग्न होऊन आले तर शेजारच्या बेनही तेच म्हणाल्या, ऊखा तर आमच्यात मुलीचं नाव, बाणासुराच्या मुलीचं. मी धरून बसले.

पण तुझ्या सुपाने माझी कादंबरी उचलली बघ. आता हजेरीवाली त्याला का सोडते ते मला कळलं. तिच्या वहीत त्याचं नाव आहे, पण ते वाचताना तिला वाटतं, कोणीतरी पानावर कचरा टाकला आहे, आणि ती फुंकर मारून पुढे जाते. आठवडाभर लिहीतच आहे. जेवायचं विसरते.

एक अडचण उभी राहिली. रुपालीला गोष्ट आवडली, नाव नाही. म्हणते, "मॅडम, उखा मुखपृष्ठावर बसत नाही. लोकांना वाटेल विनोदी पुस्तक आहे. उदयन ठेवूया का? पहाटही राहील." मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. ओळखीचं पान जाईल तेव्हा नाव पक्कं करायचं ठरलं आहे. खरं सांगायचं तर उदयन कानाला बरं लागतं. मग हात थांबतो.

उखाला विचारायचं राहिलं आहे. तो कोसाडला राहतो, इथून लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात. शिवाय त्याला असल्या गोष्टींत काय रस? विचारीन सवडीने.

मला दुसरंच कुतूहल आहे. काकूंकडे, म्हणजे तुझ्या आईकडे तो किती दिवस होता? मला तर तो आमच्याच घरात आठवतो, पायरीवर बसून गुळाचा खडा चोखताना. म्हणजे आईने त्याला परत आणलं असणार. कसं आणलं? त्याचीही काही रीत असते का? नायकाला शेवटी परत यायचं आहे आणि मला रस्ता सापडत नाही.

तुझी,
सुवर्णा


दोंडाईचा
९ मार्च २०२५

मडम,

कोसाड लांब पडतं?

उखा दर आखाजीला, तुझ्या पुस्तकी भाषेत अक्षय्य तृतीयेला, दोंडाईच्याला येतो. पहाटेच्या गाडीने, डब्यात उभा राहून, गुडघे दुखत असताना. हातात माझ्यासाठी सुतरफेणीचा डबा आणि ज्योतीसाठी साडी. त्याला दोंडाईचा लांब पडत नाही आणि तुला कोसाड लांब पडतं. नकाशा तुझ्या कॉन्व्हेंटात वेगळा होता का?

दहा वर्षं मी बघते आहे. दर आखाजीला मी विचारते, "मडम कशी आहे?" आधी तो म्हणायचा, "बरी आहे, आत्ताच भेटून आलो." आता म्हणतो, "बरी असेल." मला ऐकू येत नाही, पण "आहे" आणि "असेल" ओठांवर वेगळं दिसतं.

परत कसं आणतात ते मला माहीत आहे. मीच त्यात होते. पण सांगणार नाही. आधी तू सांग, तुमच्यात काय झालं. गोष्टीतला उखा नको, आपला सांग.

आणि उदयन ठेवायचं असेल तर ठेव. पण मग ज्याला मी उकिरड्यावरून उचललं तो तुझ्या पुस्तकात नाही, एवढं ध्यानात ठेव.

भागीरथी

ता.क. ज्योती म्हणते फार कडक लिहिलं. तिला म्हटलं, मला ऐकू येत नाही.


उधना, सुरत
२ एप्रिल २०२५

अक्का,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. तीन वेळा सुरू केलं आणि शाईचा डाग न पडताही फाडलं.

सांगते. दोन हजार चौदाचा जानेवारी. शाळेने माझा सत्कार ठेवला होता, पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून. हॉलमध्ये दोनशे माणसं असतील, ट्रस्टी, पालक, मुली. मी उखाला बोलावलं नव्हतं. कोणाकडून तरी त्याला कळलं. पाळी सुटल्यावर तो मिलमधून सरळ आला. कपडे बदललेले होते, भांग पाडलेला होता, पण हात, अक्का, कोपरापर्यंत निळे. नखांत निळं. त्याने एक पिशवी आणली होती.

सत्कार झाला आणि सगळे चहाला उभे होते. तो सरळ माझ्याकडे आला आणि हसला. तेवढ्यात प्रिन्सिपल वळल्या आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कोण? त्यांची नजर त्याच्या हातांवर होती. मी म्हणाले, "हे आमच्या गावाकडचे ओळखीचे."

मराठीतच म्हणाले. का, ते मला आजही कळत नाही. इंग्रजीत म्हटलं असतं तर निदान त्याला कळलं नसतं.

त्याने प्रिन्सिपलना नमस्कार केला, तोही हात न जोडता, नुसती मान झुकवून. मला वाटतं हात दिसू नयेत म्हणून. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गेला. मी थांब म्हणाले नाही. माझ्या हातात चहाचा कप होता. तो कप मला अजून दिसतो, त्यावर शाळेचं बोधचिन्ह होतं.

पिशवीत साडी होती. मोरपंखी, त्याने स्वतः रंगवलेली. घडीत चिठ्ठी होती, "हा रंग बाजारात नाही, तुझ्यासाठी काढला." साडी मी कधी नेसले नाही. कपाटात सगळ्यात वर ठेवली आहे, जिथे हात पोहोचायला स्टूल लागतं.

त्यानंतर तो आला नाही. मी गेले नाही. पहिल्या महिन्यात वाटलं, जाईन. मग वाटलं, आता काय तोंडाने? मग अकरा वर्षं झाली.

आता रुपाली दर आठवड्याला विचारते, नायकाची ओळख झाली का? आणि मी कागदासमोर बसते. अक्का, माझा नायक कोण आहे ते मला पहिल्या पानापासून माहीत होतं. ओळख करून द्यायची वेळ आली की माझी जीभ तेव्हासारखीच वळते. उदयन म्हणजेही तेच, नाही का? गावाकडचे ओळखीचे.

सुवर्णा


दोंडाईचा
११ एप्रिल २०२५

सुवर्णा,

आज मडम म्हणत नाही.

मला ते माहीत होतं. त्याच वर्षी आखाजीला उखाने सांगितलं. हसून सांगितलं. म्हणाला, "मायनी बी म्हनं हाऊ मना नही, बहीननी बी म्हनं. आते मी काय मरत नही." आम्ही दोघं खूप हसलो. मग मी पुरणपोळी आणि आमरस वाढला, तर त्याने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, भूक नाही. आखाजीला! ज्या माणसाला लहानपणी आमरसाच्या वाटीवरून मार बसायचा.

तेव्हा तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. मायने त्याला नाकारलं ते त्याला वाचवायला. तू कशाला नाकारलंस ते तुलाच माहीत.

आता परत आणायची रीत. सव्वा महिना तो आमच्याकडे होता. मी त्याला माझाच समजायला लागले होते. मग एका सकाळी काकू आमच्या दारात आली. मुद्दाम सकाळी, कारण तेव्हा सगळी गल्ली विहिरीवर असायची. तिच्या हातात सूप, सुपात बाजरी. ते सूप तिने माझ्या पायाशी ठेवलं. माझ्या, दहा वर्षांच्या पोरीच्या. आणि म्हणाली, "मना पोऱ्या माले दे." माझा मुलगा मला दे. इतक्या मोठ्याने म्हणाली की विहिरीवर पोहऱ्यांचा आवाज थांबला. मी रडले, द्यायला तयार होईना. माझ्या मायने समजावलं. ती म्हणाली, नाकारलं जेवढ्या मोठ्याने, मागायचं त्याहून मोठ्याने. नाकारलं जेवढ्या माणसांत, मागायचं तेवढ्या माणसांत. एकांतात मागून चालत नाही, ते धरत नाही.

म्हणून गुपचूप जाऊन त्याची माफी मागू नकोस. तो लगेच "जाऊ दे" म्हणेल. तो तसाच आहे. आणि तू "गेलं" समजून परत येशील.

मी उचललं होतं, म्हणून द्यायचा हक्क माझा. मी दिला. पण तो आता साठ वर्षांचा आहे, सूप त्याच्याच पुढे ठेव.

या आखाजीला तो इकडे येणार नाही. गुडघा फार धरला आहे, डॉक्टरने गाडीत उभं राहायला बंदी केली. आखाजीला लेकी माहेरी येतात. काका-काकू गेले, घर गेलं. तुझं माहेर आता कोसाडला आहे. दोन बस बदलून जा.

भागीरथी


उधना, सुरत
१ मे २०२५

प्रिय अक्का,

काल आखाजी झाली. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मीच विसरेन की आधी काय झालं.

सकाळी स्टूलवर चढून ती साडी काढली आणि नेसले. सूप इथल्या बाजारात मिळालं, बांबूचं. बाजरी घातली आणि बाजरीखाली कागदाची घडी सरकवली. तीच, रुपालीला त्याच दिवशी पाठवायची ओळख. बसमध्ये सूप मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "मासी, लगन छे?" मी म्हटलं, "ना, भाईने लेवा जाऊं छुं." भावाला आणायला चालले आहे. तिने मला जरा जागा करून दिली, वेड लागलेल्या माणसाला देतात तशी.

कोसाडच्या त्या सगळ्या इमारती सारख्याच. उखाचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार एका मुलीने उघडलं, ती त्याची सून पूजा. अक्का, माझ्या भाच्याची बायको आणि मी तिला पहिल्यांदा बघत होते. तिने विचारलं, "कोनुं काम छे?" कोणाकडे आलात, म्हणून. मला नाव सांगता येईना. आतून आवाज आला, "कोण गं?" ती म्हणाली, "कोई मासी छे. सूपडुं लईने आव्यां छे."

तो भिंतीला धरून बाहेर आला. केस सगळे पांढरे. माझ्याकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि पूजाला म्हणाला, "गावाकडचे ओळखीचे आहेत. पाणी दे."

मी दारातच उभी. पाणी आलं, ते मी प्यायले. तेवढ्यात त्याने पुढे होऊन माझा पदर दोन बोटांत धरला, चोळला, उजेडाकडे केला. रंगारी बघतो तसा. म्हणाला, "टिकलाय. अकरा वर्षांत एकदा तरी धुतलीस का?" मी म्हटलं, "आजपर्यंत नेसलेच नाही." तो म्हणाला, "मग रंगाचं काय कौतुक? घडीत कोणताही रंग टिकतो."

मी सूप त्याच्या पायाशी ठेवलं. "हे भागीरथीअक्काचं डोकं," तो म्हणाला. "आणि बाजरी? साठ वर्षांत माझा भाव वाढला नाही?" मग वाकता येईना म्हणून पूजाला कागद काढायला सांगितला. पायरीवर बसला आणि बोट ठेवून, एकेक शब्द करत, मोठ्याने वाचायला लागला. तो वाचत असताना वरच्या-खालच्या बाया जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. मी काय लिहिलं होतं ते तुलाही कळायला हवं.

"माझ्या नायकाचं नाव उखा. उखा म्हणजे उकिरडा. त्याच्या आईने दोन मुलगे गमावले होते, म्हणून तिसऱ्याला तिने उकिरड्यावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, हा माझा नाही. मरणाने ते खरं मानलं. तेव्हापासून हजेरीवाली त्याच्या नावावर फुंकर मारून पुढे जाते. तो तिच्या मागोमाग अंधारात उतरतो आणि लोकांची माणसं परत आणतो. त्याचे हात कोपरापर्यंत निळे आहेत, ते लिंबाने धुऊनही निघत नाहीत. ज्यांना तो आणतो त्यांच्यातल्या काहींना नंतर त्या हातांची लाज वाटते. मला वाटली होती. हा नायक मी कल्पनेतून आणलेला नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे."

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "लिंबू चुकलं. लिंबाने काहीच होत नाही, कोणी लावतही नाही. मिलमध्ये हायड्रो म्हणून रंग उडवायची पावडर असते, तिच्या पाण्याने रंग निघतो, पण मग कातडीही निघते. ते बदल." मी म्हटलं, "बदलते." त्याने विचारलं, "आणि हा शेवटी परत येतो का, तुझा हा?" मी म्हटलं, "येतो." "त्याला मागायला कोण जातं?" मी म्हटलं, "ते लिहायचं राहिलं आहे. मला माहीत नव्हतं, कोणीतरी जावं लागतं म्हणून."

तो हसला. अक्का, तो हसला तेव्हा मला वाटलं, झालं. मी वाकून सूप उचलून घरात ठेवायला लागले. त्याने हात आडवा धरला.

म्हणाला, "लिहिलंस. तुला लिहिणं सोपं आहे, नन्सनी शिकवलंय. म्हण."

जिन्यात सात बाया होत्या. मी मोजल्या. सत्काराला दोनशे माणसं होती. उरलेली मी पुस्तकाच्या पानावर भरून काढीन. रुपालीला रात्री फोन करून सांगितलं, नाव उखाच, उदयन दुसऱ्या कोणाला दे. ती म्हणाली, "मॅडम, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात घेऊया." पण हे नंतरचं. तेव्हा मी त्या जिन्यात उभी होते आणि माझा आवाज फुटत नव्हता. चाळीस-चाळीस मुलींच्या वर्गात तीस वर्षं बोललेला आवाज. मी म्हणाले, "हा माझा भाऊ आहे. उखा. मना भाऊ माले दे."

उखाने कानामागे हात धरला. "मोठ्यांदी, मडम. तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं नाही."

मग मी ओरडून म्हणाले. अक्का, इतक्या मोठ्याने, की तुलाही ऐकू गेलं असेल.

तुझी,
सुवर्णा